चालू होताना दोन-दोन विंडोज विचारतंय? नको ते नाव असं काढा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आमच्याकडं एक तक्रार एकदम वाढली. लोकांनी जुनं १० तसंच ठेवलं आणि शेजारच्या ड्राइव्हवर ११ टाकून घेतलं. ‘दोन्ही असू देत की, काय बिघडतंय?’ बिघडत काहीच नाही. पण मशिन चालू केलं की निळा पडदा येतो, त्यावर दोन नावं येतात आणि कुणी काही दाबलं नाही तर अर्धा मिनिट तो तसाच थांबतो. पतसंस्थेत सकाळी काउंटर उघडताना खिडकीबाहेर रांग असते, तेव्हा हा अर्धा मिनिट फार लांब वाटतो. त्यात एखाद्यानं चुकून जुनं नाव दाबलं की कालचं काम कुठं गेलं म्हणून फोन.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. संध्याकाळी गावातल्या दुकानांची आणि संस्थांची मशिनंही बघते. हे काम बहुतेक वेळा मी फोनवरच सांगून करून घेते, म्हणून इथंही तसंच सांगते. कमांड आली की अक्षर अक्षर सांगेन, तुम्ही इंग्रजीत टाइप करायचं.

पहिला प्रश्न: पडदा कुठल्या रंगाचा?

नाव काढायचं कुठून हे रंगावरून कळतं, म्हणून मी आधी तेवढंच विचारते.

निळा पडदा, मोठे चौकोन आणि माउस चालतोय, तर ही यादी विंडोजची आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून ती अशी दिसते. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि वर ‘विंडोज बूट मॅनेजर’ (बूट म्हणजे मशिन चालू होणं) लिहिलेलं असेल तर तीही विंडोजचीच, फक्त जुन्या रूपातली. या दोन्हींचा इलाज एकच.

काळ्या किंवा जांभळट पडद्यावर चौकट आहे, वर ‘जीएनयू ग्रब’ लिहिलंय आणि पहिलंच नाव उबुंटू आहे, तर यादी लिनक्सची आहे. लिनक्स ही विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, उबुंटू हा तिचा एक प्रकार. विंडोजमध्ये कितीही शोधलंत तरी ती तिथं सापडणार नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांचे लॅपटॉप येतात ते हमखास यातले. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलसाठी उबुंटू टाकलेलं असतं, परीक्षा झाली की त्याची आठवण फक्त चालू करताना येते.

चौथी यादी स्वतःहून येत नाही. चालू करता करता डेलवर एफ-१२, एचपीवर एफ-९, एसरवर एफ-१२ दाबलं की येते. ही मदरबोर्डची स्वतःची यादी. इथं ‘विंडोज बूट मॅनेजर’, ‘उबुंटू’, पेन ड्राइव्ह अशी नावं असतात. बाकी तिन्ही साफ केल्या तरी हिच्यात जुनं नाव राहू शकतं.

नाव गेलं म्हणजे माल गेला असं नाही

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. यादीतलं नाव ही फक्त एक नोंद असते. रेशनकार्डावरून नाव कमी केलं म्हणून माणूस घरातून जात नाही, तसं यादीतून ‘विंडोज १०’ काढलं तरी त्याचा सगळा पसारा, त्यातले फोटो, टॅलीचा डेटा, सगळं डिस्कवर जागच्या जागी असतं. नोंद काढणं म्हणूनच तसं निर्धास्त काम आहे. उलटं करणारे अडकतात. म्हणजे आधी ड्राइव्ह फॉरमॅट करायचा आणि मग यादीतलं नाव का जात नाही म्हणून विचारायचं. विंडोजच्या यादीत त्यानं बहुधा फक्त एक मेलेलं नाव उरतं, पण लिनक्सच्या बाबतीत मशिनच चालू होत नाही. ते पुढं येईलच.

हात लावायच्या आधी

तीन गोष्टी बघून घ्या.

एक, डिस्क बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या डिस्क-कुलपानं, कुलूपबंद आहे का? नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न सांगताच लागलेलं असतं. विंडोज ११ च्या होम आवृत्तीत त्याचं नाव ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. बूटच्या क्रमात बदल झाला की पुढच्या वेळी मशिन ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा विसरा. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात जा आणि ती कागदावर उतरवून घ्या. स्क्रीनशॉट त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. हे सांगायची वेळ येते म्हणून सांगते. कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर दिसत असेल तर ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ करून मग कामाला लागा.

दोन, मशिन जुन्या पद्धतीचं आहे की नव्या? विंडोजचं बटण धरून आर दाबा, छोटी चौकट येईल, त्यात एम-एस-आय-एन-एफ-ओ-३-२ टाइप करून एंटर. ‘बायोस मोड’ या ओळीपुढं ‘यूईएफआय’ असेल तर नवी पद्धत, ‘लेगसी’ असेल तर जुनी. विंडोज ११ रीतसर चढलेलं मशिन यूईएफआयचंच असतं.

तीन, विंडोजचा इन्स्टॉल पेन ड्राइव्ह जवळ ठेवा. ८ जीबीचा पुरतो, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं फुकट तयार होतो. बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही. पण ज्या दिवशी पडते त्या दिवशी तो दुसऱ्या कुणाच्या मशिनवर बनवत बसावं लागतं.

साधा रस्ता: एमएसकॉन्फिग

जे विंडोज ठेवायचं आहे त्यातच चालू करा. मग विंडोजचं बटण आणि आर, चौकटीत एम-एस-सी-ओ-एन-एफ-आय-जी, एंटर. ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ नावाची खिडकी उघडेल. वरच्या पट्टीतलं ‘बूट’ दाबा.

पांढऱ्या चौकटीत नावं दिसतील. एका नावापुढं कंसात सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरचा पत्ता आणि मग ‘करंट ओएस’ असं लिहिलेलं असेल. हे तुम्ही आत्ता बसलेलं घर, त्याला हात लावायचा नाही. ‘डिफॉल्ट ओएस’ हे शब्द दुसऱ्याच नावापुढं असतील तर आधी करंटवाल्या नावावर क्लिक करून ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबा. मग नको त्या नावावर क्लिक, ‘डिलीट’, ‘अप्लाय’, ‘ओके’. रिस्टार्ट विचारेल, करा. यादीत एकच नाव उरलं की पडदा आपोआप येईनासा होतो, तो वेगळा बंद करावा लागत नाही.

दोन्ही नावं सारखीच असली तर? म्हणजे वरही विंडोज १०, खालीही विंडोज १०, फार तर एकापुढं ‘ऑन व्हॉल्यूम ४’ असं काहीतरी. करंट कुठलं ते वरच्या खुणेनं कळतंच, पण आपण ज्यात बसलोय तेच ठेवायचं आहे ना, याची खात्री करा. डेस्कटॉपवर तुमचे फोल्डर आहेत का, टॅली उघडतं का, प्रिंटर दिसतो का ते बघा.

इथं एक गोष्ट भल्याभल्यांना फसवते. प्रत्येक विंडोज स्वतःच्या ड्राइव्हला ‘सी’ म्हणतं. नव्यात बसलात की नवा ड्राइव्ह सी आणि जुना डी, जुन्यात बसलात की बरोबर उलटं. त्यामुळं ‘डी फॉरमॅट करून टाका’ असं फोनवर मी कधीच सांगत नाही. ड्राइव्ह साइजवरून ओळखायचा. ‘२३७ जीबीवाला’ म्हटलं की कुठूनही तोच.

काढायचंच आहे का?

बाजारपेठेतल्या एका डीटीपीवाल्या काकांचं मशिन माझ्याकडं आलं. विंडोज ७ च्या जोडीला एक्सपी. नव्या पोरानं सांगितलं, एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपलाय, काढा. काका तयार होते. मी विचारलं, पेजमेकरमध्ये केलेल्या जुन्या लग्नपत्रिका आणि संस्थांचे अहवाल कशात उघडता? एक्सपीत. श्री-लिपीचं डोंगल कशात चालतं? त्यातच. मग काढून काय मिळणार होतं? दर एप्रिलमध्ये कुणीतरी ‘गेल्या वर्षीचीच पत्रिका, फक्त तारीख बदला’ म्हणत येतंच.

असं असेल तर नाव राहू द्या, फक्त थांबणं कमी करा. एमएसकॉन्फिगच्या त्याच पानावर उजवीकडं ‘टाइमआउट’ आहे. तिथं ३० चे ३ करा, त्याच्या खाली ते जात नाही. रोजचं विंडोज डिफॉल्ट ठेवा. पडदा येतो आणि जातो, आणि एक्सपी लागलं तर तेवढ्यात बाणाचं बटण दाबता येतं. त्या एक्सपीला इंटरनेटची वायर मात्र जोडायची नाही, हे काकांना मी दोनदा बजावलं.

नाव हटत नाही किंवा दिसतच नाही

कधी एमएसकॉन्फिगमध्ये एकच नाव दिसतं आणि चालू करताना मात्र दोन येतात. कधी डिलीटचं बटण फिकट पडलेलं असतं. अर्धवट सुटलेल्या अपग्रेडचं ‘विंडोज सेटअप’ किंवा ‘विंडोज रोलबॅक’ राहून गेलेलं असतं. २०२० मध्ये पबजीवर बंदी यायच्या आधी ते खेळायला कॉम्प्युटरवर अँड्रॉइड टाकायचं खूळ होतं. ते अँड्रॉइड कधीच गेलं, यादीतलं त्याचं नाव काही मशिनांवर अजून आहे. अशा वेळी कमांड चालवायची.

स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करा, ‘कमांड प्रॉम्प्ट’ दिसेल, त्यावर उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. काळी खिडकी उघडली पाहिजे. विंडोज ११ मध्ये स्टार्टवर उजवं क्लिक करून ‘टर्मिनल’ उघडलं तर तिथं बहुधा पॉवरशेल येतं आणि त्याला महिरपी कंस खटकतात. या कमांड त्यात तशाच टाकल्या की लाल अक्षरांत भांडण सुरू. म्हणून सी-एम-डीच.

आधी यादीची एक प्रत काढून ठेवू. पेन ड्राइव्ह लावा, समजा तो ‘ई’ आहे. टाइप करा: बी-सी-डी-ई-डी-आय-टी, एक जागा सोडा, स्लॅश, ई-एक्स-पी-ओ-आर-टी, जागा, ई, कोलन, उलटा स्लॅश, जे-यू-एन-ए. एंटर. पहिला स्लॅश प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा, उलटा एंटरच्या वरचा किंवा शेजारचा. ‘जुना’ नावाची फाइल पेन ड्राइव्हवर पडली. पुढं काही बिनसलं तर इन्स्टॉल पेन ड्राइव्हवरून चालू करून, तिथल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एक्सपोर्टच्या जागी आय-एम-पी-ओ-आर-टी लिहिलं की यादी होती तशी परत. तिथं ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, एवढं लक्षात ठेवा.

आता नुसतं बी-सी-डी-ई-डी-आय-टी आणि एंटर. भराभर ओळी येतील, घाबरू नका, त्यांचे गठ्ठे आहेत. पहिला गठ्ठा ‘विंडोज बूट मॅनेजर’. तो यादीचा मालक, त्याला सोडून द्या. त्याखाली प्रत्येक विंडोजसाठी एक ‘विंडोज बूट लोडर’ गठ्ठा. प्रत्येकात तीन ओळी वाचायच्या. ‘डिस्क्रिप्शन’ म्हणजे पडद्यावर दिसणारं नाव. ‘डिव्हाइस’ म्हणजे ते कुठल्या ड्राइव्हवर आहे. आणि ‘आयडेंटिफायर’ म्हणजे महिरपी कंसातला ओळख क्रमांक. जिथं ‘करंट’ लिहिलंय ते तुमचं चालू विंडोज. बाकीच्यांना आकडे आणि अक्षरं मिळून लांबलचक क्रमांक असतो.

‘डिव्हाइस’पुढं ‘अननोन’ लिहिलेलं दिसलं तर काम सोपं झालं. ज्या ड्राइव्हवर ते विंडोज होतं तो ड्राइव्हच आता नाही. ते नाव डोळे झाकून काढा.

क्रमांक हातानं टाइप करू नका, एक अक्षर चुकतंच. माउसनं महिरपी कंसासकट निवडा, एंटर दाबलं की कॉपी होतो. मग बी-सी-डी-ई-डी-आय-टी, जागा, स्लॅश, डी-ई-एल-ई-टी-ई, जागा, आणि उजवं क्लिक करून तो क्रमांक पेस्ट. एंटर. ‘ऑपरेशन कम्प्लीटेड सक्सेसफुली’ आलं की झालं. पुन्हा एकदा नुसती पहिली कमांड चालवून गठ्ठा गेला का बघा.

एक्सपीचं नाव वेगळ्या तऱ्हेनं असतं. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून विंडोजनं यादी ठेवायची पद्धत बदलली. त्याआधी ती सी ड्राइव्हवरच्या बूट-डॉट-आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असायची आणि नोटपॅडमधून एक ओळ खोडली की विषय संपायचा. म्हणून नव्या यादीत एक्सपी ‘अर्लियर व्हर्जन ऑफ विंडोज’ या नावानं येतं आणि त्याचा ओळख क्रमांक महिरपी कंसात एन-टी-एल-डी-आर एवढाच असतो. ते काढताना डिलीटच्या कमांडच्या शेवटी जागा सोडून स्लॅश आणि एफ जोडावा लागतो, नाहीतर विंडोज नकार देतं.

दोन्ही ठेवायची आहेत पण नावं सारखी असल्यानं घोळ होतोय, तर नाव बदलता येतं. बी-सी-डी-ई-डी-आय-टी, जागा, स्लॅश, एस-ई-टी, जागा, क्रमांक, जागा, डी-ई-एस-सी-आर-आय-पी-टी-आय-ओ-एन, जागा, आणि दुहेरी अवतरणचिन्हांत हवं ते नाव. आमच्या लॅबमध्ये एकाला ‘एक्झाम’ आणि दुसऱ्याला ‘रोजचं’ असं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं आहे. पोरं ते वाचून बरोबर बटण दाबतात.

एसएसडी बसवलेली मशिनं

इथं जरा थांबा, कारण नुकसान इथंच होतं.

जुन्या मशिनमध्ये एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, टाकून घ्यायची लाट आली आणि तिचा फायदा खराच झाला. पण बऱ्याच ठिकाणी जुनी हार्ड डिस्क आत तशीच जोडलेली ठेवून एसएसडीवर नवं विंडोज टाकलं जातं. विंडोजच्या सेटअपला जुन्या डिस्कवर आधीचा बूटचा कप्पा दिसतो आणि ते नव्या विंडोजची चावी त्याच कप्प्यात ठेवून देतं. म्हणजे विंडोज एसएसडीवर आणि चालू करायची सोय जुन्या डिस्कवर. मालक यादीतून जुनं नाव काढतो, मग म्हणतो आता ती जुनी डिस्क कशाला, आणि काढून बाजूला ठेवतो. दुसऱ्या दिवशी काळा पडदा: बूट करायला काही सापडत नाही.

हे आधी ओळखता येतं. स्टार्टवर उजवं क्लिक, ‘डिस्क मॅनेजमेंट’. खाली प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते. तुमच्या सी ड्राइव्हच्या चौकोनात ‘बूट’ लिहिलेलं असेल. आता ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ असं लिहिलेला छोटा चौकोन शोधा, १०० एमबीच्या आसपासचा. तो सीच्याच पट्टीत असेल तर उत्तम. दुसऱ्याच पट्टीत असेल तर ती डिस्क काढायची नाही, फॉरमॅट करायची नाही. जुन्या लेगसी मशिनवर हाच शोध ‘सिस्टिम’ आणि ‘ॲक्टिव्ह’ या शब्दांनी घ्यायचा. जुन्या विंडोजचा ड्राइव्ह हाच ‘सिस्टिम’ असेल आणि तो तुम्ही उडवलात तर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ हे वाक्य बघायला मिळेल.

चावी एसएसडीवर आणता येते. यूईएफआय मशिनवर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट, म्हणजे डिस्कचे कप्पे पाडणारी कमांड, चालवून एसएसडीवरचा सी थोडा आकसवायचा, ३०० एमबी पुरे. त्या जागेत ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय’ करून फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करायचा, त्याला एस हे अक्षर द्यायचं, डिस्कपार्टमधून बाहेर यायचं. मग बी-सी-डी-बी-ओ-ओ-टी, जागा, सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरचा पत्ता, जागा, स्लॅश एस, जागा, एस कोलन, जागा, स्लॅश एफ, जागा, यू-ई-एफ-आय. नव्या कप्प्यात नवी यादी तयार होते आणि तीत फक्त याच विंडोजचं नाव असतं. म्हणजे नको असलेलं नाव वेगळं काढायचं कामही इथंच आटोपतं. त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये (तिथं जायचं बटण पुढं उबुंटूच्या भागात दिलंय), एसएसडीवाला ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर घ्या, मशिन बंद करून जुन्या डिस्कची वायर काढा आणि चालू करून बघा. चालू झालं, मगच त्या डिस्कचं काय करायचं ते करा. डिस्कपार्टमध्ये डिस्कचा नंबर चुकला तर परतीचा रस्ता नाही, तेव्हा हात पक्का नसेल तर एवढं काम जाणत्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

आणि अजून एसएसडी बसवायची असेल तर बसवणाऱ्याला एकच सांगा: विंडोज टाकताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेव. पुढचा सगळा व्याप वाचतो.

उबुंटू काढताना क्रम उलटा करू नका

डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन उबुंटूचा ड्राइव्ह डिलीट केला की लगेच मोकळी जागा दिसते, पोरं खूश. रिस्टार्ट केलं की काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ आणि पुढं लुकलुकणारी खूण. यादी दाखवणारा ग्रब अजून जागेवर आहे, पण त्याचं बाकीचं सामान त्या ड्राइव्हबरोबर गेलं. लॅपटॉप मेला नाही. तिथं ई-एक्स-आय-टी टाइप करून एंटर मारलं तर पुष्कळदा विंडोज सुरू होतं. नाही झालं तर बायोसमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर वर घ्या. बायोसमध्ये जायचं बटण डेल, एसर, असुस यांना बहुधा एफ-२, एचपीला एफ-१०.

बरोबर क्रम असा. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर. ग्रब न येता थेट विंडोज चालू होतंय ना, बघा. मग ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये बी-सी-डी-ई-डी-आय-टी, जागा, स्लॅश, ई-एन-यू-एम, जागा, एफ-आय-आर-एम-डब्ल्यू-ए-आर-ई. ही मदरबोर्डची यादी. त्यात डिस्क्रिप्शन ‘उबुंटू’ असलेल्या गठ्ठ्याचा क्रमांक कॉपी करून वरच्यासारखाच डिलीट.

एवढ्यावर काही मशिनं ऐकत नाहीत. बूटच्या कप्प्यात उबुंटूचा फोल्डर दिसला की ती नाव परत तयार करतात. तो फोल्डरही काढायचा. एम-ओ-यू-एन-टी-व्ही-ओ-एल, जागा, एस कोलन, जागा, स्लॅश एस. एंटर. लपलेला कप्पा आता एस ड्राइव्ह झाला. आर-डी, जागा, स्लॅश एस, जागा, एस कोलन, उलटा स्लॅश, ई-एफ-आय, उलटा स्लॅश, यू-बी-यू-एन-टी-यू. खात्री विचारेल, वाय. शेजारचे ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘बूट’ हे फोल्डर, किंवा कंपनीच्या नावाचा असला तर तोही, यांना बोटसुद्धा लावायचं नाही. शेवटी तीच माउंटव्हॉल कमांड, फक्त स्लॅश एसच्या जागी स्लॅश डी, म्हणजे कप्पा पुन्हा लपला. आणि आता कुठं डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन उबुंटूचे ड्राइव्ह डिलीट.

लेगसी मशिनवर हे फोल्डर वगैरे काही नाही. इन्स्टॉल पेन ड्राइव्हवरून चालू करा, ‘रिपेअर’, कमांड प्रॉम्प्ट, बी-ओ-ओ-टी-आर-ई-सी, जागा, स्लॅश, एफ-आय-एक्स-एम-बी-आर. ग्रब गेला, विंडोज आलं. मग ड्राइव्ह काढा.

कुणाला उलटं हवं असतं: विंडोज गेलं, उबुंटूच चालवतो, पण ग्रबमध्ये विंडोजचं नाव अजून आहे. उबुंटूचा टर्मिनल उघडून एस-यू-डी-ओ, जागा, यू-पी-डी-ए-टी-ई, जोडरेघ, जी-आर-यू-बी. यादी नव्यानं बनते, जे सापडत नाही ते गळतं. ग्रबची तयार यादी हातानं दुरुस्त करू नका, पुढच्या अपडेटला ती पुन्हा लिहिली जाते.

मोकळी जागा ताब्यात घेताना

नाव काढून आठवडाभर काम करा. काही अडलं नाही की मग जुना ड्राइव्ह रिकामा करायचा. आधी त्याच्या ‘युजर्स’ फोल्डरमधला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स दुसरीकडं उतरवा. टॅली असेल तर टॅली ईआरपी ९ चा डेटा बहुधा त्याच ड्राइव्हवरच्या टॅलीच्या फोल्डरमध्ये असतो आणि टॅलीप्राइमचा ‘युजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये. हा दुसरा हमखास राहून जातो, कारण ‘पब्लिक’मध्ये कुणी डोकावत नाही.

जुना विंडोज फोल्डर हातानं डिलीट करायला जाऊ नका. परवानगी नाही म्हणत राहतं आणि अर्धवट उडालेला पसारा मागं उरतो. डेटा उतरवला असेल तर सरळ तो ड्राइव्ह फॉरमॅट करून डेटासाठी वापरा.

ती जागा सीमध्येच मिळवायची असेल तर जुना ड्राइव्ह डिलीट करून सीवर उजवं क्लिक, ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’. हे अक्षर फिकट दिसत असेल तर मोकळी जागा सीला लागून उजवीकडं नाही. बऱ्याचदा मध्ये पाचशे-सहाशे एमबीचा रिकव्हरीचा चौकोन बसलेला असतो. तो डिलीट करून जागा जोडायचे सल्ले मिळतात, पण मग विंडोजचं रिपेअर लागेल तेव्हा ते तिथं नसतं. अशा मशिनवर मी मोकळ्या जागेचा वेगळा ड्राइव्ह करते, त्याला ‘डेटा’ नाव देते आणि डॉक्युमेंट्स तिकडं वळवून देते.